मामाची हरकत नव्हती

माझ्या मामाबद्दल वाईट बोलू नये, असं मला सगळे सांगतात. माणूस साधा, सरळ, उभ्या आयुष्यात त्याने कुणाच्या वाटेत काडी टाकली नाही म्हणे. अगदी खरं आहे. काडी टाकायची तर आधी ती स्वतःच्या मनाने उचलावी लागते, आणि मामाने स्वतःच्या मनाने काही उचलल्याचं मी पन्नास वर्षांत पाहिलेलं नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात तो अडतीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधत होता. त्याची खोली जिन्याखाली. खिडकी होती, पण रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे तिच्यातून फक्त लोकांचे पाय दिसायचे. एका कोपऱ्यात लोखंडी दाब, दुसऱ्या कोपऱ्यात पुठ्ठ्यांची चळत, मधे टेबल, आणि टेबलावर खळीचा डबा, सुया, दोऱ्याची रिळं, घड्या दाबायची हाडाची पट्टी. सगळ्या खोलीला खळीचा आंबूस वास. हाताने तो कसबी होता, हे मी नाकारत नाही. त्याने बांधलेलं पुस्तक कुठल्याही पानावर उघडून ठेवलं तरी तसंच राहायचं, मिटायचं नाही.

ग्रंथालयात त्याला 'हरकत नाही' म्हणत. कारण कशालाही त्याचं उत्तर एकच: "माझी काही हरकत नाही." त्याची सुट्टी दुसऱ्याला दिली, हरकत नाही. त्याची चांगली खुर्ची वर नेली आणि तीन पायांची खाली पाठवली, हरकत नाही. पुढे पुढे लोक त्याच्यासमोरच म्हणायचे, "हरकत नाही जेवायला गेलेत का?" आणि तो खोलीतून ओ द्यायचा.

चहाच्या दुकानात तो कधी पहिल्यांदा काही मागवत नसे. आधीच्याने कॉफी सांगितली की याची कॉफी, बिनसाखरेचा चहा सांगितला की याचा बिनसाखरेचा, मग तो तोंड वाकडं करून प्यायचा. लग्न ठरताना आजोबांनी विचारलं, "पसंत आहे का?" तर याने विचारलं, "तुम्हाला?" हे मामी स्वतः सांगते आणि हसत नाही. सभेत टाळ्या वाजवायच्या असल्या की मामाचे हात मांडीवरून उचलले जायचे ते दोनचार जणांनी सुरुवात केल्यावर, आणि खाली यायचे ते दोनचार जण थांबल्यावर. लहानपणी मी शेजारी बसून त्याचे हात बघायचे. एकदाही चुकला नाही. मला तेव्हाही त्याची चीड यायची.

आता त्या ग्रंथालयाची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिथल्या अध्यक्षांना एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. दर वार्षिक सभेत ते छाती काढून सांगत, "आपल्या संस्थेने स्थापनेपासून आजवर एकाही पुस्तकावर बंदी घातलेली नाही!" टाळ्या. आणि खरंच नव्हती घातली. एखाद्या पुस्तकाबद्दल कुणी वजनदार माणसाने कुरकुर केली की ते पुस्तक कपाटातून निघायचं, त्यात एक पिवळी चिठ्ठी घातली जायची, चिठ्ठीवर एकच शब्द, 'बांधणीला', आणि पुस्तक जिन्याखाली यायचं. मग कुणीही मागायला आलं की कारकून नोंदवही न उघडताच सांगायचा, "बांधणीला गेलंय." वाचक दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा दुसरं पुस्तक घेऊन जातो. कुणाला बंदीही दिसली नाही आणि कुणाला पुस्तकही दिसलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवावं तर असं.

मामाच्या खोलीत या पुस्तकांचं वेगळं कपाट होतं. पुस्तक नवंकोरं असायचं, शिवण घट्ट, कोपरा दुमडलेला नाही. दुसऱ्या एखाद्याने ते तसंच ठेवून दिलं असतं. मामाने नाही. चिठ्ठीवर 'बांधणीला' लिहिलंय आणि पुस्तक तर धडधाकट, म्हणजे चिठ्ठी खोटी ठरते! ते त्याला सहन होत नसे. म्हणून तो पुठ्ठा सोडवायचा, दोरा कापायचा, पुस्तकाचे फर्मे, म्हणजे शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचा आणि मग समाधानाने कपाटात ठेवायचा. आता चिठ्ठी खरी झाली. या माणसाला लोक प्रामाणिक म्हणतात.

माझ्या आईने एक कादंबरी लिहिली होती. एकच. एकशे बेचाळीस पानांची. दुपारी वडील चष्म्याच्या दुकानात आणि मी शाळेत, तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून लिहायची. बसलं की झोप लागते म्हणायची. गोष्ट अशी: एका गल्लीत सगळ्या घरांची दारं करड्या रंगाची. एक बाई आपलं दार पिवळं रंगवते. तिला कुणी काही म्हणत नाही. भांडत नाही, धमकावत नाही. फक्त दूधवाला तिचं दूध विसरतो. शेजारणीला तिची हाक ऐकू येत नाही. तिच्या मुलीला खेळात घ्यायचं राहून जातं, चुकून. वर्षभर हे चालतं. शेवटच्या प्रकरणात तिचा भाऊ शिडी आणि करड्या रंगाचा डबा घेऊन येतो. तो दुष्ट नाही, उलट मायाळू आहे. तो म्हणतो, "रंगव तू. शिडी मी धरतो."

दोनशे प्रती छापल्या. थोड्या वाटल्या, त्या वाटलेल्या पुस्तकांचं जे होतं तेच त्यांचं झालं. बाकीच्या छापखान्याच्या तळघरात होत्या, तिथला नळ फुटला आणि लगदा झाला. हस्तलिखित छापखान्याने परत दिलं नाही. उरलेली एक प्रत आईने ग्रंथालयाला दिली. घरी का ठेवली नाहीस, असं मी विचारलं तर म्हणाली, "घरात कोण वाचतंय? आणि तिथे माझा भाऊ आहे. तो सांभाळेल."

अकरा महिने पुस्तक कपाटात होतं. मग व्यवस्थापक समितीतल्या एका सभासदाला कुणीतरी सांगितलं की त्या कादंबरीतला दूध विसरणारा माणूस म्हणजे तुम्हीच. त्यांची शहरात दुधाची चार दुकानं. त्यांनी स्वतः काही वाचलं नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कारण त्यांचा चष्मा आमच्या दुकानातला होता. जवळचा नंबर वाढून दोन वर्षं झाली होती आणि साहेब जुन्याच काचा घालून फिरत होते. पुस्तकाची बारीक अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसली असती. पण कुरकुर करायला वाचावं लागतं थोडंच! पिवळी चिठ्ठी निघाली आणि पुस्तक जिन्याखाली आलं.

मामाने आपल्या थोरल्या बहिणीचं पुस्तक हातात घेतलं, दोरा कापला आणि कपाटात ठेवलं. त्या रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला, पोटभर जेवला आणि पुस्तकाबद्दल एक शब्द बोलला नाही.

आईला कळलं ते कारकुनाकडून. "बांधणीला गेलंय," तो म्हणाला. आई घरी आली ती हरखून. "अगं, इतकं वाचलं लोकांनी की शिवण उसवली!" मामा समोर बसला होता. तो मूग गिळून गप्प. मला त्या पिवळ्या चिठ्ठ्यांचं ठाऊक होतं, ग्रंथालयात माझी मैत्रीण कामाला होती. पण आईचा तो चेहरा बघून मीही काही बोलले नाही. दोनेक वर्षं ती अधूनमधून विचारायची, "झालं का रे बांधून?" मामा म्हणायचा, "बघतो." मग तिने विचारणं सोडलं. आई मूर्ख नव्हती. जिने असं पुस्तक लिहिलं तिला हे कळायला कितीसा वेळ लागणार?

मी अधूनमधून त्या खोलीत जाऊन मामाशी भांडायचे. "नुसतं उचल आणि पिशवीत घालून आण, कोण बघतंय?" तो म्हणायचा, "नियमात बसत नाही गं." मी चिडून दार आपटून यायचे. वर, समितीकडे, मी कधी गेले नाही. वडिलांच्या पश्चात दुकान मीच चालवत होते आणि अध्यक्षांपासून दूधवाल्यांपर्यंत सगळी समिती माझ्याकडूनच चष्मे घ्यायची. गिऱ्हाइकाशी कुठे वाद घालत बसायचं? शिवाय दोष मामाचाच होता.

अशी सव्वीस वर्षं गेली. आई पंचाहत्तरीची झाली आणि तिच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. माझ्या दुकानात हजार काचा, तिच्या कामाची एकही नाही. माणसाच्या कडा दिसायच्या, तोंड दिसायचं नाही. एका दुपारी भिंतीला टेकून बसली होती, अचानक म्हणाली, "मला ते शेवटचं प्रकरण वाचून दाखव."

"कुठलं?"

"माझं. शिडीचं. मला बघायचंय, तो भाऊ मी नीट लिहिला होता का. कधी वाटतं, फार वाईट रंगवला. माणसं इतकीही तशी नसतात. एकदा ऐकलं की कळेल."

तिला दुसरं काही नको होतं. औषधं वेळेवर द्या म्हणत नव्हती, कुठे न्या म्हणत नव्हती. चौदा पानांचं एक प्रकरण, ते एकदा कानावर पडायला हवं होतं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय दमलंय, फार काळ धरू नका.

त्याच सुमारास ग्रंथालयाची समिती बदलली. नव्या अध्यक्षा आल्या, एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, उत्साही बाई. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, बांधणीला गेलेली सगळी पुस्तकं महिनाभरात कपाटात आली पाहिजेत. मामा म्हणाला, "हरकत नाही." मी दुसऱ्याच दिवशी जिन्याखाली गेले.

त्याने कपाटातून आईचं पुस्तक काढून दिलं. हातात घेतलं तर हलकं लागलं. पुठ्ठा होता, आईचं नाव होतं, पिवळी चिठ्ठी होती. आत नऊ पानं होती.

"बाकीचं कुठे आहे?"

"अस्तराला गेलं," मामा म्हणाला.

पुस्तकाच्या पाठीला आतून कागदाची पट्टी चिकटवतात, पाठ मजबूत राहावी म्हणून. त्याला बांधणीवाले अस्तर म्हणतात. त्यासाठी रद्दी कागद वापरतात. मामाने आईच्या कादंबरीच्या उभ्या पट्ट्या कापल्या होत्या आणि सव्वीस वर्षांत शंभरेक पुस्तकांच्या पाठीत चिकटवल्या होत्या. शब्दकोशांच्या, प्रवासवर्णनांच्या, आरोग्यविषयक पुस्तकांच्या. शेवटचं प्रकरण आधी संपलं, कारण पालथ्या गठ्ठ्यात ते वर होतं.

मी ती नऊ पानं टेबलावर ठेवली. "तू वाचलंस तरी का ते?"

"नाही. कामाच्या वेळेत वाचायची परवानगी नाही."

"मग घरी नेऊन वाचायचंस."

"घरी न्यायचीही परवानगी नाही."

"आणि कापलंस का? मामा, एवढी रद्दी पडलीय इथे, हेच का कापलंस?"

त्याने त्या नऊ पानांपैकी एक उचललं, अंगठा आणि बोटात धरून चोळलं. "कागद चांगला होता गं. ताईने खर्च केला होता कागदावर. हल्लीचा कागद खळ लागली की सुरकुततो, हा नाही सुरकुतत." आणि माझं तोंड बघून, समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "कुणी सांगितलं असतं ना, परत बांध, तर बांधलं असतं मी. माझी काही हरकत नव्हती."

मला त्या क्षणी त्याचा इतका तिटकारा आला की तो दुष्ट असता तर बरं झालं असतं असं वाटलं. दुष्टाशी निदान भांडता येतं. इथे समोर एक म्हातारा हाडाच्या पट्टीने एका कोऱ्या कागदाची घडी दाबत बसला होता.

आठवडाभरात भलतंच झालं. एका जुन्या शब्दकोशाची पाठ उसवली आणि माझ्या मैत्रिणीला आत छापील पट्टी दिसली. तिच्यावर अर्धवट शब्द होते: 'म्हणालं नाही. शेजा'. तिने आणखी एक पुस्तक वाकवून बघितलं, त्यातही पट्टी. बातमी वर गेली. नव्या अध्यक्षा धावत खाली आल्या, पट्टी बघितली, ही कशाची म्हणून विचारलं, मामाने ताईच्या कादंबरीची म्हणून सांगितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी एका दमात सगळं ताडलं: जुन्या समितीने दडपलेली कादंबरी, आणि एका गरीब बांधणीवाल्याने आपल्या बहिणीचे शब्द शंभर पुस्तकांच्या पाठीत लपवून जपले! वर्तमानपत्रात फोटो आला. पट्टी असलेला शब्दकोश दारातच काचेच्या पेटीत ठेवला. मामाचा सत्कार ठरला. आधी 'हरकत नाही' म्हणून हाक मारणारी सगळी मंडळी आता त्याला 'साहेब' म्हणू लागली, आणि तोही त्या हाकेला ओ देऊ लागला.

मी अध्यक्षाबाईंना भेटले. म्हटलं, निदान शेवटच्या प्रकरणाच्या पट्ट्या काढून जुळवता आल्या तर बघा, आईला ऐकायचंय. त्यांनी माझा हात हातात घेतला. "अहो, ती पुस्तकं आता फाडायची कशी? ती आता स्मारकं झाली!" कादंबरी वाचायची त्यांना घाई नव्हती. तिच्याबद्दल बोलायला मात्र रविवारी सकाळी सगळं सभागृह भरणार होतं. मी त्यांना म्हणायला हवं होतं की बाई, तुमचा हा महात्मा कागद बघतो, अक्षर नाही. पण त्यांनी जवळच्या वाचनाचा चष्मा कालच माझ्याकडे करायला टाकला होता, आणि इतकी भारावलेली बाई, तिला कशाला दुखवा. "बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं.

रविवारी मी आईला चाकाच्या खुर्चीत घेऊन गेले. पहिल्या रांगेत बसवलं. वर मामा, नवा कोट, शेजारच्या कारकुनाचा होता त्याच रंगाचा. जुने अध्यक्षही खुर्चीवर होते, दूधवालेही होते. दूधवाल्यांनी भाषणात सांगितलं की असं पुस्तक आपल्या शहरात लिहिलं गेलं याचा त्यांना पहिल्यापासून अभिमान आहे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग अध्यक्षाबाईंनी मामाला पुढे बोलावलं. "साहेब, तुम्ही ते शब्द मुद्दाम जपलेत, खरं ना?"

मामाने सभागृहाकडे बघितलं. तीनशे माना हलत होत्या. त्याने जुन्या अध्यक्षांकडे बघितलं, त्यांचीही हलत होती. मग म्हणाला, "तुम्ही सगळे म्हणताय, तर तसंच असेल."

काय तो विनय, असं मागे कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. मीही उभी राहिले; बसून राहिले असते तर व्यासपीठावरच्यांना काय वाटलं असतं?

आईने माझी बाही ओढली. मी वाकले. तिची नजर माझ्या तोंडाच्या जागी कुठेतरी होती. "खरं सांग मला," ती म्हणाली. "तू गेली होतीस त्याच्या खोलीत. त्याने खरंच माझं पुस्तक वाचवायला केलं हे?"

सबंध सभागृहात खरं विचारणारी ती एकटी होती, आणि खरं ठाऊक असणारी मी. दूधवाले माझ्याकडे बघून हसत होते, अध्यक्षा डोळे पुसत होत्या.

"हो," मी म्हटलं.

आईने मान हलवली, हिशेब चुकला हे एकदाचं कळल्यावर माणूस हलवतो तशी. "म्हणजे तो शिडीवाला भाऊ मी चुकीचाच लिहिला," ती म्हणाली. "माणसं तशी नसतात. बरं झालं बाई, फार कुणी वाचलं नाही."

मी सरळ उभी राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. अजून कुणीच थांबलं नव्हतं.